टाइमकोड आणि फ्रेम काउंट जुळत नाहीत? आधी चूक कशी वाढते ते बघा

सबटायटल आणि डबिंगच्या कामासाठी स्क्रिप्ट (म्हणजे छोटे प्रोग्रॅम) लिहिणाऱ्या बहुतेकांना हा प्रॉब्लेम कधी ना कधी येतोच. एडिटर टाइमकोड (तास:मिनिट:सेकंद:फ्रेम असा पत्ता) देतो, तुमचा कोड त्याचा फ्रेम नंबर (सुरुवातीपासून कितवी फ्रेम) काढतो, मग तो नंबर परत टाइमकोड होऊन दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जातो आणि तिथे काहीतरी सरकलेलं दिसतं. कधी एक फ्रेम, कधी तीन-साडेतीन सेकंद, कधी सरळ एक तास. मी हे दुरुस्त करायचं काम वारंवार करतो आणि जवळजवळ प्रत्येक वेळी कारण खाली दिलेल्या यादीतलंच निघतं. लोकांचा वेळ मात्र जातो तो भलतीकडेच, म्हणजे कोणी थेट फॉर्म्युला बदलायला घेतं, कोणी कुठेतरी "अधिक १" टाकून मोकळं होतं, त्याने आजची फाइल बसते आणि उद्याची बिघडते. प्लीज असं करू नका.

लक्षणं

तुमच्याकडे यातलं नेमकं काय होतंय ते आधी ठरवा.

- सुरुवातीपासून शेवटपर्यंत बरोबर एक फ्रेम पुढे किंवा मागे.
- एक फ्रेमचीच चूक, पण कधी असते कधी नसते, काही सबटायटल बरोबर आणि काही एक फ्रेम आधी.
- सुरुवातीला सगळं जुळतं, मग हळूहळू सरकत तासाभरात ३.६ सेकंदांचा फरक.
- तासाला तोच ३.६ सेकंद फरक, पण पायरी-पायरीने, म्हणजे मिनिट बदललं की २ फ्रेम वाढतात आणि पुढच्या मिनिटापर्यंत तेवढेच राहतात.
- तासाभराच्या फिल्मला सव्वादोन-अडीच मिनिटांचा फरक.
- सगळ्याच नोंदींमध्ये ठरलेला मोठा आकडा, बहुतेक वेळा बरोबर १ तास.
- फरकाला काही नियमच नाही, पुढे जातो, मागे येतो, मध्येच जुळतो.
- मध्यरात्रीनंतर आकडे निगेटिव्ह किंवा अचानक शून्यापासून.

पहिली तपासणी: तीन ठिकाणी मोजा

यात खर्च काही नाही, पाच-दहा मिनिटं लागतात. कोडला हात लावू नका. फाइलच्या सुरुवातीला, मधे आणि शेवटी अशी तीन ठिकाणं घ्या जिथे चित्र ओळखता येतं, क्लॅप, कट, दार आपटलं, काहीही. तिथे खरा टाइमकोड काय आणि तुमच्या कोडचं उत्तर काय हे फ्रेमसकट लिहून काढा.

हे का करायचं, तर चूक कशी वाढते त्यावरून कारण कळतं. तिन्ही ठिकाणी फरक सारखाच असेल तर फ्रेम रेटमध्ये (सेकंदाला किती फ्रेम) काही गडबड नाही, गडबड मोजायला सुरुवात कुठून केली त्यात आहे. फरक वेळेच्या प्रमाणात वाढत असेल तर दोन बाजू वेगवेगळा फ्रेम रेट धरून चालल्यात. आणि तासाला ३.६ सेकंद दिसले की मिनिट बदलतानाच्या आसपास आणखी दोन-तीन ठिकाणी मोजा, कारण ३.६ हा आकडा दोन वेगळ्या कारणांनी येतो. सरळ चढत जाणारा फरक म्हणजे कोणीतरी २३.९७६ ला २४ किंवा २९.९७ ला ३० धरलंय. पायरीने चढणारा म्हणजे ड्रॉप फ्रेमचा घोळ (ड्रॉप फ्रेम म्हणजे टाइमकोड घड्याळाशी जुळावा म्हणून काही नंबर गाळायची पद्धत, सातव्या तपासणीत सविस्तर आहे). दोन्हींचा इलाज वेगळा आहे आणि फक्त शेवटचा आकडा बघून त्यातला फरक कळत नाही.

दुसरी: टाइमलाइन कुठून सुरू होते

दाविंची रिझॉल्व्हमध्ये नवीन टाइमलाइन ०१:००:००:०० पासून सुरू होते. तुमचा कोड फाइलची पहिली फ्रेम शून्य धरत असेल तर २५ च्या प्रोजेक्टमध्ये थेट ९०००० फ्रेमचा फरक येणार, २४ मध्ये ८६४००, ३० नॉन-ड्रॉपमध्ये १०८०००. काही ठिकाणी प्रोग्रॅम १०:००:००:०० ला सुरू करायची पद्धत आहे. मूव्ह (.mov) फाइलमध्ये सुरुवातीचा टाइमकोड वेगळ्या ट्रॅकमध्ये असतो, एफएफप्रोब या फाइलची माहिती दाखवणाऱ्या टूलने तो दिसतो.

इलाज सोपा आहे, पण एका गोष्टीत लोक चुकतात. दोन टाइमकोडची वजाबाकी करताना तास-मिनिट-सेकंद असे तुकड्या-तुकड्याने वजा करायचे नाहीत. दोन्हींचे आधी फ्रेम नंबर काढा, मग वजा करा. ड्रॉप फ्रेममध्ये तर दुसरा रस्ताच नाही.

तिसरी: कोलन आहे की सेमीकोलन

०१:००:००:०० आणि ०१:००:००;०० यातलं शेवटचं विरामचिन्ह बघा. सेमीकोलन म्हणजे ड्रॉप फ्रेम. आता तुमच्या कोडमध्ये टाइमकोड फोडायच्या आधी सेमीकोलन काढून कोलन टाकणारी एखादी ओळ आहे का ते शोधा. मी बघितलेल्या स्क्रिप्टांपैकी बऱ्याच स्क्रिप्टांमध्ये ती असते, कोणीतरी "फॉरमॅट एकसारखा करायला" टाकलेली असते आणि तिथेच ड्रॉप फ्रेमची माहिती कायमची जाते. त्यानंतर फॉर्म्युला कितीही बरोबर असला तरी उपयोग नाही.

ईडीएल (एडिटमधल्या कटची यादी असलेली फाइल) असेल तर वरच्या ओळींमध्ये एफसीएम असं लिहिलेलं असतं आणि पुढे ड्रॉप किंवा नॉन-ड्रॉप. ती ओळ वाचा, फाइलच्या मध्येही ती बदलू शकते. टीटीएमएल सबटायटल असतील तर तिथे फ्रेम रेट ३० दिसला म्हणून ३० धरू नका, शेजारी मल्टिप्लायर १००० १००१ आहे का ते बघा, असेल तर तो रेट २९.९७ आहे.

एक लक्षात ठेवा, २३.९७६ ला ड्रॉप फ्रेमची स्टँडर्ड पद्धत नाही. २३.९७६ म्हणून आलेल्या फाइलमध्ये सेमीकोलन दिसले तर तुमचा कोड दुरुस्त करत बसू नका, ज्याने फाइल पाठवली त्याला विचारा, कारण दोन्हींपैकी एक गोष्ट चुकीची लिहिलेली आहे.

चौथी: फ्रेम रेट खरंच किती आहे

आपल्याकडे टीव्हीचं काम २५ वर चालतं, कारण भारतात पाल (PAL) हे २५ फ्रेमचं टीव्ही स्टँडर्ड होतं. त्यामुळे इथल्या कितीतरी स्क्रिप्टांमध्ये २५ हा आकडा थेट ठोकलेला असतो आणि वर्षानुवर्षं काही होत नाही. मग एक दिवस अमेरिकेचं काम येतं किंवा कोणाच्या तरी मोबाइलवरचं फुटेज येतं आणि सगळं फिसकटतं. सव्वादोन-अडीच मिनिटांचा फरक याच जागी सापडतो. २४ फ्रेमच्या फिल्मचा एक तास म्हणजे ८६४०० फ्रेम, त्या २५ ने चालवल्या की ३४५६ सेकंद होतात, म्हणजे ५७ मिनिटं ३६ सेकंद.

२९.९७ चं मूळही सांगतो, कारण ते कळलं की कोडमध्ये काय लिहायचं ते आपोआप कळतं. अमेरिकेत ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही सेकंदाला ३० फ्रेमने चालायचा. १९५३ मध्ये रंगीत प्रक्षेपणाचं स्टँडर्ड आलं तेव्हा जुने सेट चालूच राहायला हवे होते, आणि रंगाचा सिग्नल व आवाजाचा ४.५ मेगाहर्ट्झचा सिग्नल एकमेकांत घुसून चित्रावर जाळी दिसू नये म्हणून फ्रेम रेट अगदी थोडा खाली आणला, १००० भागिले १००१ पट. म्हणून खरा रेट आहे ३०००० भागिले १००१. २९.९७ हा त्याचा गोल केलेला आकडा आहे. तसंच २३.९७६ म्हणजे २४००० भागिले १००१ आणि ५९.९४ म्हणजे ६०००० भागिले १००१.

त्यामुळे कोडमध्ये रेट कधीही दशांशात ठेवू नका, अंश आणि छेद असे दोन इंटिजर ठेवा. पायथनमध्ये फ्रॅक्शन तयारच आहे. दशांशात ठेवल्याने काय बिघडतं ते बघा. कोणत्याही फ्रेमची खरी वेळ म्हणजे फ्रेम नंबर गुणिले १००१ भागिले ३००००. आता ही वेळ घेऊन २९.९७ ने गुणली तर १ नंबरच्या फ्रेमचं उत्तर १ येत नाही, ०.९९९९९९ येतं. त्यावर इंट लावलं (म्हणजे दशांश कापला) की ०. दोन नंबरची फ्रेम १ होते, हजारावी ९९९. म्हणजे शून्यानंतरची प्रत्येक फ्रेम एकने कमी, आणि मग लोक तिथे "अधिक १" टाकतात आणि समजतात की मोजणी १ पासून सुरू होत असेल.

एफएफप्रोबमध्ये दोन रेट दिसतात, आर फ्रेम रेट आणि ॲव्हरेज फ्रेम रेट. दोन्ही सारखे असतील तर बरं. वेगळे असतील तर आठवी तपासणी आत्ताच वाचून घ्या.

५० फ्रेमच्या फुटेजचं वेगळं आहे. काही ठिकाणी फ्रेमचा आकडा ०० ते ४९ जातो, काही ठिकाणी ०० ते २४ आणि प्रत्येक आकडा दोन फ्रेमना लागू. एलटीसीमध्ये (आवाजाच्या सिग्नलसारखा पाठवला जाणारा टाइमकोड) फ्रेमच्या दशकाला दोनच बिट असतात, त्यामुळे तिथे ३९ च्या वर आकडा मावतच नाही, ही सवय तिथूनच आली. फाइलमधला सगळ्यात मोठा फ्रेमचा आकडा शोधा, २४ च्या वर कधीच जात नसेल तर काय ते समजलं.

पाचवी: शून्य की एक, आणि आऊट पॉइंट धरायचा का

कायम एक फ्रेमचा फरक असेल तर इथे थांबा. टाइमकोड ००:००:००:०० म्हणजे फ्रेम नंबर ० असं धरायचं, हा साधा नियम. पण व्हीएफएक्सच्या इमेज सिक्वेन्स बहुतेक १००१ पासून नंबर लावतात, काही लायब्ररी पहिली फ्रेम १ धरतात.

दुसरी जागा आऊट पॉइंटची. ईडीएलमध्ये आऊटचा टाइमकोड हा क्लिपच्या शेवटच्या फ्रेमच्या पुढच्या फ्रेमचा असतो, म्हणून लांबी म्हणजे आऊट वजा इन, वर काही मिळवायचं नाही. पण एडिटर जेव्हा स्क्रीनवर बघून "शेवटची फ्रेम अमुक" असं लिहून देतो तेव्हा ती शेवटची फ्रेम क्लिपच्या आतली असते आणि लांबीत १ मिळवावा लागतो. एकाच फंक्शनला दोन्ही प्रकारची माहिती दिली की प्रत्येक कटला एक फ्रेम काळी येते नाहीतर दोनदा येते. ज्याने यादी दिली त्याला एक फोन करा, हे कोडवरून कळत नाही.

सहावी: फ्लोट (दशांशाचे आकडे) आणि राउंडिंग

एक फ्रेमची चूक कधी आहे कधी नाही, तर जवळजवळ खात्रीने हेच कारण. आणि २९.९७ ची भानगड नसलेल्या साध्या २५ च्या कामातही ते होतं, त्यामुळे लोकांचा विश्वास बसत नाही. एसआरटी या सबटायटल फाइलमध्ये ००:००:०१,१६० अशी वेळ आहे. १.१६ गुणिले २५ बरोबर २९. म्हणजे टाइमकोड ००:००:०१:०४. आता हेच पायथन किंवा जावास्क्रिप्टला विचारा, उत्तर येतं २८.९९९९९९९९९९९९९९६, त्यावर इंट किंवा फ्लोअर लावलं की २८, टाइमकोड ००:००:०१:०३. शेजारच्या सबटायटलला असं होत नाही कारण त्याचा आकडा नशिबाने वरच्या बाजूला पडतो.

इलाज म्हणजे सेकंद दशांशात करूच नका. मिलिसेकंद इंटिजर ठेवा, ११६० गुणिले २५ बरोबर २९०००, भागिले १०००, २९. कुठेच अपूर्णांक आला नाही.

मग फ्लोअर लावायचं की राउंड, यावर वाद चालतात आणि दोन्ही बाजू अर्ध्या बरोबर असतात. प्रश्न काय आहे त्यावर ते ठरतं. "या क्षणाला पडद्यावर कुठली फ्रेम आहे" असा प्रश्न असेल तर फ्लोअर, कारण फ्रेम तिचा वेळ संपेपर्यंत पडद्यावर असते. "हा आकडा मुळात कुठल्या फ्रेमची सुरुवात होता" असा असेल तर राउंड. एमकेव्ही फाइलमध्ये वेळा साधारणपणे मिलिसेकंदात गोल केलेल्या असतात, २९.९७ च्या फाइलमध्ये पहिल्या सहा फ्रेमच्या वेळा ०, ३३, ६७, १००, १३३, १६७ अशा दिसतात. त्यांना फ्लोअर लावून बघा, फ्रेम नंबर येतात ०, ०, २, २, ३, ५. राउंड लावा, ०, १, २, ३, ४, ५. पहिल्या रांगेत काही फ्रेम दोनदा आल्या आणि १ व ४ गायबच झाल्या, आणि असं व्हिडिओवर चाललं की चाल अडखळल्यासारखी दिसते, मग लोक प्लेयरला दोष देतात.

एमपी४ मध्ये हे जास्त स्वच्छ असतं. २९.९७ च्या फाइलचा टाइमबेस (वेळ मोजायचं एकक) बहुतेक १ भागिले ३०००० असतो आणि पीटीएस (कुठली फ्रेम कधी दाखवायची तो आकडा) ०, १००१, २००२, ३००३ असे जातात. १००१ ने भागा, फ्रेम नंबर हातात. म्हणून शक्य असेल तिथे लायब्ररीने दिलेले सेकंद घेऊ नका, मूळ पीटीएस घ्या. फक्त पहिला पीटीएस शून्य नसेल तर तो आधी वजा करा, एमपीईजी-टीएसमध्ये (प्रक्षेपण आणि स्ट्रीमिंगचा फॉरमॅट) तो बहुतेक वेळा शून्य नसतोच.

पायथनवाल्यांसाठी अजून एक. पायथन ३ चं राउंड अर्ध्यावरचा आकडा सम संख्येकडे नेतं. ५० च्या फ्रेम २५ वर आणताना १, ३, ५, ७ नंबरच्या फ्रेम निम्म्या केल्या तर ०, २, २, ४ येतात. इथे राउंड नको, इंटिजर भागाकार वापरा.

ओपनसीव्ही या लायब्ररीमधून फ्रेम काउंट घेत असाल तर तो आकडा मोजलेला असतोच असं नाही. फाइलमध्ये तो लिहिलेला नसेल तर लांबी गुणिले रेट असा अंदाज मिळतो. खरी संख्या हवी असेल तर एफएफप्रोबला फ्रेम मोजायला लावा, वेळ लागतो पण उत्तर खरं येतं.

सातवी: ड्रॉप फ्रेमचा फॉर्म्युला

इथपर्यंत पोचलात आणि फरक पायरीने वाढतोय तर आता फॉर्म्युला उघडा. ड्रॉप फ्रेममध्ये चित्राची एकही फ्रेम कापली जात नाही, फक्त नंबर गाळले जातात, जसं काही बिल्डिंगमध्ये १२ नंतर थेट १४ वा मजला लिहितात. प्रत्येक मिनिटाच्या सुरुवातीला ०० आणि ०१ हे दोन नंबर गाळायचे, दर दहाव्या मिनिटाला मात्र गाळायचे नाहीत. तासाला ५४ मिनिटं गुणिले २, म्हणजे १०८ नंबर. १०८००० मधून १०८ गेले, उरले १०७८९२, आणि २९.९७ ने एका तासात जवळजवळ तेवढ्याच फ्रेम जातात. हे १०८ विसरलात की ३.६ सेकंद गेले.

टाइमकोडवरून फ्रेम नंबर (भागाकार सगळीकडे पूर्णांकाचा, बाकी सोडून द्यायची):

एकूण मिनिटं = तास × ६० + मिनिट
साधा आकडा = (एकूण मिनिटं × ६० + सेकंद) × ३० + फ्रेम
फ्रेम नंबर = साधा आकडा − २ × (एकूण मिनिटं − एकूण मिनिटं ÷ १०)

उलट जाताना दहा मिनिटांचा गठ्ठा धरायचा, त्यात १७९८२ फ्रेम असतात:

गठ्ठे = फ्रेम नंबर ÷ १७९८२
बाकी = भागून उरलेले
बाकी २ पेक्षा कमी असेल तर: साधा आकडा = फ्रेम नंबर + १८ × गठ्ठे
नाहीतर: साधा आकडा = फ्रेम नंबर + १८ × गठ्ठे + २ × ((बाकी − २) ÷ १७९८)

मग साध्या आकड्याचे नेहमीसारखे ३० आणि ६० ने भागून तुकडे करायचे. ५९.९४ ला २ च्या जागी ४, १८ च्या जागी ३६, १७९८२ च्या जागी ३५९६४ आणि १७९८ च्या जागी ३५९६, आणि अर्थातच ३० च्या जागी ६०.

त्या "२ पेक्षा कमी" अटीकडे नीट बघा. सी किंवा जावामधून पायथनमध्ये कोड आणताना ही अट बऱ्याचदा गळते, कारण सीमध्ये उणे २ ला १७९८ ने भागलं की ० येतो, अट नसली तरी चालतं. पायथनचा पूर्णांक भागाकार मात्र खालच्या बाजूला जातो, उणे १ येतो. मग १७९८२ नंबरची फ्रेम, जी ००:१०:००;०० असायला हवी, ती ००:०९:५९;२८ म्हणून छापली जाते. दर दहा मिनिटांत फक्त दोन फ्रेम चुकतात, त्यामुळे टेस्टिंगमध्ये हे कोणाच्याच नजरेस पडत नाही आणि नेमका एखादा कट दहाव्या मिनिटावर पडला की सापडतं.

हे आकडे दोन्ही दिशांनी टेस्टमध्ये टाकून ठेवा:

१७९९ आणि ००:००:५९;२९
१८०० आणि ००:०१:००;०२
३५९८ आणि ००:०२:००;०२
१७९८१ आणि ००:०९:५९;२९
१७९८२ आणि ००:१०:००;००
१०७८९२ आणि ०१:००:००;००
२५८९४०७ आणि २३:५९:५९;२९

शिवाय ० पासून २५८९४०७ पर्यंतची प्रत्येक फ्रेम टाइमकोड करून परत फ्रेम करा आणि तोच नंबर येतो का बघा. पूर्ण २४ तासांची तपासणी आहे, साध्या लॅपटॉपवरही फार वेळ लागत नाही, आणि एवढी खात्री दुसऱ्या कशाने मिळत नाही.

००:०१:००;०० असा टाइमकोड कोणी दिला तर तो अस्तित्वातच नाही. फॉर्म्युला मात्र गप्प बसून १७९८ उत्तर देतो, जो ००:००:५९;२८ चाही नंबर आहे. कोडने इथे ओरडलंच पाहिजे. असा टाइमकोड आला याचा अर्थ बहुतेक वेळा नॉन-ड्रॉपची यादी ड्रॉप म्हणून आली आहे, आणि हा इशारा फार मोलाचा असतो.

आणखी एक, ड्रॉप फ्रेमचा टाइमकोड घड्याळाच्या खूप जवळ असतो पण अगदी तोच नसतो, २४ तासांत साधारण अडीच फ्रेमचा फरक पडतो. खरे सेकंद हवे असतील तर फ्रेम नंबर गुणिले १००१ भागिले ३०००० हाच मार्ग.

आठवी: व्हेरिएबल (बदलता) फ्रेम रेट

फरकाला नियमच नसेल, आणि फुटेज मोबाइलचं, स्क्रीन रेकॉर्डिंगचं किंवा ऑनलाइन मीटिंगचं असेल, तर कोड निर्दोष असू शकतो. मोबाइल कमी उजेडात रेट खाली आणतो, स्क्रीन रेकॉर्डर पडदा हलला नाही तर फ्रेम लिहीतच नाही. अशा फाइलमध्ये फ्रेम नंबरवरून वेळ काढता येत नाही, वेळेवरून फ्रेम नंबर काढता येत नाही. कुठलाही फॉर्म्युला इथे चालणार नाही.

सलग काही फ्रेमचे पीटीएस छापून बघा, दोन पीटीएसमधलं अंतर बदलत असेल तर खात्री झाली. इलाज म्हणजे काम सुरू व्हायच्या आधी एफएफएमपेग या रूपांतराच्या टूलने ठरलेल्या रेटची प्रत बनवा आणि सगळ्यांनी, एडिटर, सबटायटलवाले, डबिंगवाले, त्याच प्रतीवर काम करा. अर्धं काम मूळ फाइलवर झालं असेल तर ते आकडे नवीन प्रतीवर आपोआप बसत नाहीत, वेळेवरून परत जुळवावे लागतात. मूळ फाइल कधीही पुसू नका.

नववी: मध्यरात्र आणि लांबलचक रेकॉर्डिंग

कॅमेऱ्याचा टाइमकोड घड्याळाप्रमाणे लावलेला असेल तर २३:५९:५९:२४ नंतर ००:००:००:०० येतं. रात्रभर चालणारं जागरण-गोंधळाचं शूटिंग असो की पुण्याची विसर्जन मिरवणूक, आऊट वजा इन निगेटिव्ह आलं की २४ तासांच्या फ्रेम मिळवा, २५ ला २१६००००, २९.९७ ड्रॉपला २५८९४०८. पण रेकॉर्डिंगच २४ तासांपेक्षा मोठं असेल तर एकच टाइमकोड दोनदा येतो आणि फक्त टाइमकोडवरून काही कळत नाही, सोबत तारीख किंवा फाइलचं नाव ठेवावंच लागतं. एमपीईजी-टीएस स्ट्रीमचा पीटीएस ३३ बिटचा असतो, ९० किलोहर्ट्झवर तो साडेसव्वीस तासांनी परत शून्यावर जातो, विसर्जनाच्या लाइव्ह स्ट्रीममध्ये हे खरंच होऊ शकतं.

कुठे थांबायचं

दोन-तीन कॅमेरे आणि साउंड रेकॉर्डर एलटीसीने जोडलेले होते आणि तरी ते एकमेकांपासून सरकत असतील तर ते कोडने सुटणारं नाही. घड्याळं, केबल, सेटिंग, ज्याने सेटवर सिंक लावलं त्या साउंड रेकॉर्डिस्टला किंवा डीआयटीला (सेटवर डिजिटल फुटेज सांभाळणारा) बोलवा. टेपवरून आलेल्या फुटेजमध्ये टाइमकोड मध्येच तुटलेला असेल तर परत डिजिटाइझ करून घ्या, तुटलेल्या आकड्यांवर गणित करू नका.

चॅनेल किंवा ओटीटीच्या क्यूसीने (दर्जा तपासणाऱ्या टीमने) मास्टर ड्रॉप-नॉन-ड्रॉपवरून किंवा फ्रेम रेटवरून परत पाठवला असेल तर टाइमकोडचा ट्रॅक बदलून तीच फाइल पुन्हा पाठवायचा मोह होतो, ते करू नका. मास्टर कसा बनला ते ऑनलाइन एडिटर किंवा पोस्ट सुपरवायझरनेच बघायचं. २४ चं २५ करताना आवाजाची पट्टी बदलते, तिथे साउंड इंजिनिअर लागतो. आणि फुटेज पोलीस केस किंवा कोर्टासाठी असेल तर मूळ फाइलवर कुठलंही रूपांतर चालवू नका, पहिल्याच पायरीला फॉरेन्सिकचा माणूस गाठा.

या नऊ तपासण्या झाल्या, २४ तासांची टेस्ट पास झाली, आणि तरीही फरक राहतोय तर तुमचं फंक्शन बरोबर आहे असं धरा आणि पुढचा माणूस बोलवा. त्याला तीन गोष्टी द्या: पहिल्या तपासणीत लिहिलेले तीन जागांचे आकडे, मूळ फाइलचं एफएफप्रोबचं पूर्ण आउटपुट, आणि तुमच्या स्क्रिप्टने हात न लावलेली मूळ ईडीएल किंवा एसआरटी. सेमीकोलनसकट.